घशाचे दुखणे, हृदयाचे मोल

घसा दुखू लागला की औषधाच्या दुकानातून अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या तीन गोळ्या आणाव्यात आणि कामाला लागावे, हा शहरांत रूढ झालेला शिरस्ता आहे. त्यात दोन चुका आहेत.

पहिली निदानाची. घशाची बहुतेक दुखणी विषाणूंमुळे होतात. तेथे प्रतिजैविके निरुपयोगी असतात. सर्दी-खोकला नसताना ताप, सुजलेले टॉन्सिल आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील, तर मात्र स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूचा संशय घ्यावा लागतो. विशेषतः ५ ते १५ वर्षांच्या मुलांत. खात्री चाचणीनेच होते.

दुसरी चूक औषधाच्या निवडीची. इतक्या दशकांच्या वापरानंतरही या जिवाणूने पेनिसिलिनला दाद दिली नाही, असे रुग्णांत आढळलेले नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिनबाबत तसे म्हणता येत नाही. त्याला न जुमानणारे जिवाणू अनेक देशांत सापडले आहेत. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली केलेल्या वर्गवारीत अमॉक्सिसिलिन प्रथम वापराच्या गटात आहे, तर अ‍ॅझिथ्रोमायसिन जपून वापरण्याच्या. पेनिसिलिनची खरी अ‍ॅलर्जी असलेल्यांसाठी ते राखून ठेवणे हाच विवेक होय.

पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिनचा प्रचलित क्रम १० दिवसांचा आहे. दोन-तीन दिवसांत घसा बरा वाटतो आणि गोळ्या बंद होतात; धोका नेमका येथेच आहे. उपचार न झालेल्या वा अर्धवट राहिलेल्या दुखण्यानंतर काही मुलांना दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. दाटीवाटीच्या वस्त्यांतील गरिबांची मुलेच याला अधिक बळी पडतात. ज्यांना १० दिवसांचा क्रम पाळणे अवघड, त्यांच्यासाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन पुरते. पण तीव्र प्रतिक्रियेच्या भीतीने डॉक्टर ते टाळतात आणि नफा अल्प असल्याने कारखानदारांनाही त्यात रस नाही.

१९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, ती पेनिसिलिन देशातच निर्माण व्हावे म्हणून. पुढे हा देश त्याच्या कच्च्या मालासाठी चीनवर अवलंबून राहिला, आणि २०२० साली सरकारला त्याच्या उत्पादनासाठी प्रोत्साहन योजना आखावी लागली. योजना स्वागतार्ह आहे. पण हे स्वस्त औषध प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळेल आणि ते निर्धास्तपणे देणारा प्रशिक्षित हात तेथे असेल, तरच तिचे सार्थक होईल. रोगावरचा उपाय जुना आहे, हा काही त्याचा दोष नव्हे.