लडाखात आपले, तहसिलीत परदेशी

‘पाहुण्याला कोणी सातबारा करून देतो का?’ तिबेटी वसाहतीचा विषय निघाला की साकोली-नवेगावबांधच्या पट्ट्यात हा सवाल हमखास येतो. सवाल ठसकेबाज आहे. ऐकणारा हसतो आणि विषय तिथंच मिटतो. तो मिटू नये म्हणून हा लेख.

वसाहत म्हणजे गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूची नोर्ग्येलिंग. 1972 साली ती वसली तेव्हा हा मुलूख भंडारा जिल्ह्याच्या साकोली तहसिलीत होता. पुढे अर्जुनी मोरगाव वेगळा तालुका झाला आणि 1999 मध्ये गोंदिया जिल्हा निघाला. तिबेटी जगात मात्र या वसाहतीची ओळख आजही ‘भंडारा’ अशीच आहे. जिल्ह्यानं ज्यांना दुसरीकडे लावून दिलं, त्यांनी जिल्ह्याचं नाव सोडलं नाही. धानाच्या बांध्यांच्या कडेला फडफडणाऱ्या पाचरंगी पताका तिथं दिसतात. तिथं जन्मलेल्यांच्या हातात मात्र परकीयांच्या नोंदणीचं प्रमाणपत्र असतं. त्याला सगळे ‘आरसी’ म्हणतात. मुदत संपली की नूतनीकरणासाठी पुन्हा कागद जमवायचे, पुन्हा अधिकाऱ्यापुढे उभं राहायचं.

आता दुसरी बाजू. 14 नोव्हेंबर 1962 रोजी, चीनशी युद्ध चालू असतानाच, भारत सरकारनं तिबेटी निर्वासितांमधून एक गुप्त दल उभं केलं. त्याचं नाव स्पेशल फ्रंटियर फोर्स, तळ चक्राता आणि ताबा मंत्रिमंडळ सचिवालयाकडे. तिबेटी माणसं त्याला नुसतं ‘टू-टू’ म्हणतात. 1971 मध्ये हे जवान चितगावच्या डोंगरात लढले, पन्नासावर कामी आले. कारवाईच गुप्त असल्यामुळे त्याचा गाजावाजा झाला नाही. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस पँगाँगच्या दक्षिणेला सुरुंगस्फोटात न्यिमा तेन्झिन हा याच दलाचा कंपनी लीडर गेला. लेहजवळच्या चोगलमसरला त्याच्या शवपेटीवर तिरंगा होता आणि शेजारी तिबेटचा हिमसिंहाचा झेंडा. देशभरच्या वसाहतींतून पोरं या दलात जातात. बाप-लेक तिकडे सीमेवर आणि इकडे घरची बाई आरसीच्या रांगेत, असा हा हिशेब आहे.

तर ‘पाहुणे’ हा पहिला आक्षेप. नागरिकत्व कायदा 1955 मध्ये कलम 3 आहे. 26 जानेवारी 1950 ते 30 जून 1987 या काळात भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानंच भारतीय. मोजक्या अपवादांत परदेशी वकिलातीतल्यांची आणि शत्रूची मुलं येतात, निर्वासितांची येत नाहीत. म्हणजे 1975 साली गोठणगावला जन्मलेली बाई भारताची नागरिकच आहे. तिला 1995 साली मुलगा झाला असेल तर तोही नागरिक, कारण त्या काळातल्या जन्मांना आई किंवा बाप एक जण भारतीय असला की पुरे. कायद्यानं जिला घरचं माणूस मानलं, तिला आपण पाहुणी म्हणतो. हे माझं मत नाही. दिल्ली उच्च न्यायालयानं 22 डिसेंबर 2010 रोजी नामग्याल डोल्कर प्रकरणात हेच सांगितलं, पुढे कर्नाटकानंही. 2014 मध्ये निवडणूक आयोगानं अशा तिबेटींची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितली.

दुसरा आक्षेप सरकारी थाटाचा असतो : ‘रीतसर देशीयकरणाचा अर्ज करावा, कोणी अडवलंय?’ जे आधीच आपलं आहे त्यासाठी अर्ज कशाला करायचा? आणि हक्क सांगायला गेलं तर काय होतं तेही बघा. कोर्टात हरल्यावर 2017 मध्ये सरकारनं पासपोर्ट द्यायचं कबूल केलं, पण अटी लावून. आरसी परत करा, वसाहतीत राहत नसल्याचं दाखवा, निर्वासित तिबेटी प्रशासनाच्या सवलती घेणार नाही असं लिहून द्या. नवरा चक्रात्याला आणि मुलं वसाहतीच्या शाळेत असताना त्या बाईनं पासपोर्टसाठी घर खाली करावं? इतर कुठल्या भारतीयाला पासपोर्ट देताना गाव सोडायला सांगतात?

तिसरा आक्षेप : ‘पगार घेतात की, उपकार कसले?’ पगार घेत नाही असा सैनिक कोणी पाहिलाय? साकोलीतून फौजेत गेलेली पोरंही पगारच घेतात, म्हणून त्यांच्या घरच्यांना रहिवासी दाखला नाकारला तर गावात काय होईल ते सांगायला नको. मग गोरखे पुढे केले जातात. नेपाळी गोरखा आपल्या सैन्यात सेवा करतो आणि नेपाळी म्हणूनच निवृत्त होतो, हे खरं. पण निवृत्त झाल्यावर त्याला परत जायला देश आहे. ‘टू-टू’च्या जवानाला कुठला आहे?

चौथा आक्षेप खरा जड आहे आणि तो तिबेटींच्याच घरांत ऐकू येतो : भारतीय झालो तर तिबेटचा लढा कोण लढणार? यावर बाहेरच्यानं शहाणपण शिकवू नये. ज्याला आरसीच ठेवायची आहे त्यानं ठेवावी, तो निर्णय त्याचा. पण दुसऱ्याचं मनोगत पुढे करून आपल्या सरकारनं आपला कायदा गुंडाळून ठेवायचा, ही पळवाट झाली. शिवाय जवानाचं कुटुंब हक्कहीन राहिल्यानं ल्हासा एक इंच जवळ येत नाही.

इतर देश काय करतात? अमेरिकेत परदेशी माणूस लष्करी सेवेतून लवकर नागरिक होऊ शकतो. 2004 पासून परदेशातल्या तळांवरच शपथविधी होऊ लागले आणि 2008 पासून सोबत राहणाऱ्या जोडीदारालाही अमेरिकेत न जाता तिथंच नागरिकत्व घेता येतं. ब्रिटननं गोरख्यांना बराच छळल्यावर 2009 मध्ये वास्तव्याचा हक्क दिला. आपल्याला मात्र परदेशाकडे बघायचीही गरज नाही. आपल्याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत देशीयकरणासाठी भारतातल्या वास्तव्याबरोबर ‘भारतातील सरकारची सेवा’ही धरली आहे. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या (एनडीए) भरतीच्या जाहिराती वाचून मोठी झालेली आपली पोरं सांगतील, त्यात वर्षानुवर्षे 1962 पूर्वी आलेल्या तिबेटी निर्वासितांना पात्र ठरवणारी ओळ असायची. भरतीच्या वेळी सरकारला ते आपले वाटतात.

नागरिकत्व कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून आलेल्या बौद्धांची वाट सोपी केली. तिबेटमधून आलेल्या बौद्धाचं त्यात नाव नाही. असो, तो वाद वेगळ्या लेखाचा.

करायचं काय? जुलै 1987 पूर्वी इथं जन्मलेले आणि त्यांची मुलं, यांना 2017 च्या अटींशिवाय नागरिक म्हणून कागद मिळावेत. भारताबाहेर जन्मलेल्या, कायद्याच्या चौकटीत न बसणाऱ्या जवानांच्या घरच्यांसाठी ‘टू-टू’तली सेवा देशीयकरणात धरावी आणि अर्ज जिल्ह्यातच घ्यावेत. जवान रजेवर महिनाभर येतो, तो महिना मुंबई-दिल्लीच्या खेपांत घालवू नये. साकोली आणि अर्जुनी मोरगाव एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. पुढच्या वेळी मत मागायला कोणी आलं, तर या कुटुंबांबद्दल काय करणार ते नाव घेऊन विचारा, आणि उत्तर लेखी मागा.