लहान धरण, मोठा धोका: टोकोआची रात्र
#थ्रेड

१/ ६ नोव्हेंबर १९७७. अमेरिकेतील जॉर्जिया राज्य. रात्री दीडच्या सुमारास, मुसळधार पावसाने तुडुंब भरलेले केली बार्न्स धरण फुटले. खाली टोकोआ फॉल्स येथील बायबल महाविद्यालयाची वसाहत झोपेत होती. ३९ जण मृत्युमुखी पडले. धरणाची उंची होती जेमतेम १२ मीटर.

२/ हे धरण सरकारी नव्हते. ते महाविद्यालयाच्याच मालकीचे होते. १८९९ च्या सुमारास छोट्या जलविद्युत केंद्रासाठी येथे लाकूड-दगडांचा बांध उभा राहिला. पुढे त्यावर मातीचा भराव चढला, उंची वाढली. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली. धरणाचे काम संपले. धरण मात्र उरले.

३/ मातीचे धरण एका क्षणात खचत नाही. पाझर आतून माती वाहून नेतो, तीव्र उतार घसरतो, सांडवा अपुरा पडला की पाणी माथ्यावरून वाहू लागते. केली बार्न्सच्या चौकशीत एकच निश्चित कारण सिद्ध झाले नाही. मात्र खालच्या तीव्र उताराची घसरण आणि पाझर यांकडे बोट दाखवले गेले.

४/ मग कायदा कुठे होता? फेब्रुवारी १९७२ मध्ये पश्चिम व्हर्जिनियातील बफेलो क्रीक येथे कोळसा कंपनीचे बांध फुटून १२५ जण दगावले. त्याच वर्षी धरण तपासणीचा राष्ट्रीय कायदा झाला. धरणांची यादी तयार झाली. प्रत्यक्ष तपासणीसाठी पैसा मात्र मिळाला नाही.

५/ टोकोआनंतर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी तपासणीचा आदेश दिला. कार्टर स्वतः जॉर्जियाचेच. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणे तपासली गेली. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित आढळली.

६/ ही तपासणी होती ‘उच्च धोका’ वर्गातील धरणांची. या संज्ञेचा अर्थ नेहमी चुकीचा लावला जातो. धोक्याचा वर्ग धरणाची प्रकृती सांगत नाही. ते फुटल्यास खाली काय होईल, एवढेच सांगतो. भक्कम धरणही ‘उच्च’ असू शकते आणि जर्जर धरणही ‘कमी’.

७/ ही कसोटी योग्यच आहे, कारण ती उंचीऐवजी माणसे मोजते. तिचा दोष वेगळा: धरण जागेवर राहते, वस्ती राहत नाही. काल जिथे कुरण होते तिथे आज घरे असतात. माती न हलताही धरणाचा वर्ग बदलतो आणि कागदावर जुनाच शिक्का राहतो.

८/ खासगी मालकावर एवढा भार टाकणे अन्याय्य, असा आक्षेप घेतला जातो. दुरुस्तीचा खर्च खरोखर मोठा असतो आणि त्यासाठी सार्वजनिक साहाय्य असावे. परंतु मालकाच्या हद्दीत अडवलेले पाणी फुटल्यावर हद्द ओळखत नाही. म्हणून तपासणी ही मालकाच्या मर्जीची बाब ठरू शकत नाही.

९/ भारताचा २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरहून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्याखालचे बांध त्याच्या कक्षेबाहेर राहतात. कायद्याला कुठेतरी रेषा आखावी लागते, हे मान्य. पण ती आखताना मोजपट्टी केवळ बांधाला लावून भागत नाही.

१०/ ‘लहान’ हे बांधाचे माप आहे, संकटाचे नव्हे. संकटाचे माप बांधाच्या पायथ्याशी झोपलेल्या घरांमध्येच घ्यावे लागते, आणि तेही दर काही वर्षांनी नव्याने.