तिच्याकडे पर्याय कुठे आहे?

व्हिज्युअल नॉव्हेल हा प्रकार आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही. खेळ म्हणावा तर पळापळ नाही, गोळीबार नाही. पडद्यावर चित्र, खाली दोन-तीन ओळींचा मजकूर, मागे संगीत. वाचत जायचं आणि मधेच दोन-तीन वाक्यांपैकी एक निवडायचं, की गोष्ट त्या वाटेने जाते. जपानमध्ये हा प्रकार वाढला, आता आपल्या कॉलेजच्या मुलांच्या लॅपटॉपवर आहे. माझ्या भाच्यामुळे मीही यातलं बरंच वाचून काढलं.

यातल्या अनेक कथांवर ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्का असतो. मुस्लिम बाई, त्यात शिक्षिका, म्हणजे ही आता अश्लीलतेवर बोलणार, असं तुम्हाला वाटलं असेल. त्यावर माझं मत आहेच आणि ते काय असेल, हे सांगायला नको. बहुतेक नायिका शाळेच्या गणवेशात असतात, हे तर मला अजिबात सहन होत नाही. पण आजची तक्रार वेगळी आहे. प्रौढ म्हणवणाऱ्या या कथांमधलं प्रेम फार पोरकट लिहिलेलं असतं.

१९९४ साली कोनामी कंपनीचा ‘तोकिमेकी मेमोरियल’ आला. त्यात प्रौढांसाठीचं असं काही नाही, पण पुढच्या असंख्य प्रेमखेळांचा साचा त्याने पक्का केला. शाळेच्या तीन वर्षांत अभ्यास, खेळ, दिसणं यांचे आकडे वाढवायचे, मुलींना फिरायला न्यायचं आणि शेवटच्या दिवशी एका झाडाखाली मुलगी येऊन प्रेम कबूल करते. एखादीकडे दुर्लक्ष झालं, तर तिच्या नावापुढे बॉम्बचं चिन्ह येतं. तो फुटला की बाकीच्या मुलींच्या मनातूनही तुम्ही उतरता. म्हणजे रुसलेली मुलगी हे खात्यातलं नुकसान. तिचं म्हणणं काय होतं, हा प्रश्नच नाही.

‘निवड तुमची’ असं म्हणतात खरं, पण ती निवड म्हणजे कुलपाला किल्ल्या लावून बघणं. चुकली तर मागचा सेव्ह उघडा, दुसरी लावा. बरोबर वाक्य सापडलं की ती ‘हो’ म्हणणारच. मी वर्गात गझल शिकवते. तिथे आशिक आयुष्यभर झुरतो, कारण नकार द्यायची ताकद माशुकाकडे आहे. ती काढून घेतली तर गझलेत उरेल काय?

सगळेच लेखक असे नाहीत. २०१७च्या ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ने या साच्याचीच भीतिकथा केली. त्यातल्या मोनिकाला कळतं की आपण खेळातलं पात्र आहोत आणि आपल्याला निवडायचा पर्यायच खेळाडूसमोर ठेवलेला नाही. व्हेनेझुएलाच्या सुकेबान गेम्सचा २०१६चा ‘व्हा-११ हॉल-ए’ बघा. दारूच्या गुत्त्यावर घडणारी गोष्ट मी नावाजते आहे, याबद्दल माफी. नायिका जिल तिथे पेयं बनवते. तिने काय बोलावं हे आपल्या हातात नाही, समोरच्याला काय प्यायला द्यायचं एवढंच आहे. पण ती आणि तिची गिऱ्हाइकं दोन्ही जिवंत वाटतात.

स्वयंसेवकांनी बनवलेल्या आणि २०१२मध्ये फुकट दिलेल्या ‘कटावा शौजो’त हानाको नावाची मुलगी आहे, आगीत भाजलेली, माणसांना बुजणारी. खेळाडू सवयीने तिला जपत जातो. पण फार जपलं, तर ती एक दिवस संतापून त्याला हाकलते, कारण तिला रखवालदार नको असतो. आपल्या मते चांगलं ते वाक्य निवडूनही आपण चुकतो, कारण तिला काय हवंय हे ती ठरवते. इतर कथांमध्ये मी हेच शोधत होते.

भाचा म्हणाला, “खाला, गेम आहे तो, एवढं काय मनावर घेतेस?”

मनावर घेते, कारण हा पडदा मला ओळखीचा वाटतो. दोन वाक्यं समोर ठेवायची आणि दोन्ही एकाच जागी नेऊन पोहोचवायची, हे आपल्या घरांतही चालतं. हॉल ठरलेला, दावतीची देग चढलेली, पाहुणे गावाहून आलेले. मग वकील आणि दोन गवाह आतल्या खोलीत जाऊन मुलीला विचारतात, कबूल आहे का? ती मान खाली घालते, ते ‘हो’ समजून बाहेर येतात. त्या क्षणी तिच्यासमोर दुसरं वाक्य असतं का? बुखारी शरीफमध्ये खनसा बिन्त खिदाम यांची हदीस आहे. वडिलांनी त्यांचा निकाह त्यांच्या मर्जीविरुद्ध लावला होता, त्यांनी तक्रार केली आणि नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी तो रद्द ठरवला. म्हणजे शरियतने तिला दुसरं वाक्य दिलेलं आहे. आपण ते पडद्यावर येऊ देत नाही.

भाच्याच्या निकाहची बोलणी आता सुरू होतील. मुलीकडे जाऊ तेव्हा तिच्या अब्बांच्या आधी तिच्याशी बोलायचं, आणि तेही खरेदी सुरू व्हायच्या आधी, हे मी त्याला सांगून ठेवलंय. तो म्हणाला, “ती नाही म्हणाली तर?”

मी म्हटलं, “तर घरी येऊ. इथे मागचा सेव्ह नसतो.”