होडीचा बेत आणि तिथीची पाऊणपट

गोव्यात राहणाऱ्या माणसाला मे महिना लागला की घरची एक जादा ड्यूटी लागते. बाहेरगावचे नातेवाईक येतात आणि त्यांना समुद्र दाखवायचा असतो. गेल्या मे महिन्यात आमच्याकडे इंदूरहून मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुले आली. इंदूरच्या मराठी माणसाला सराफ्यातल्या खाण्याचा जितका अभिमान, तितकेच समुद्राचे अप्रूप. 'काका, या वेळी होडीत बसायचेच', असे मुलांनी फोनवरच बजावून ठेवले होते.

मी कारकून माणूस. बेत आखायचा म्हणजे कागद घेऊन वेळा लिहायच्या, एवढेच मला ठाऊक. दहा वाजता पणजीहून निघणे, बाराला मडगावात जेवण, दोन-अडीचला काणकोणात पाळोळे, तिथून होडीने बटरफ्लाय बीच, वाटेत डॉल्फिन, मग सूर्यास्त आणि परत. कागद दाखवला तेव्हा सगळ्यांनी मान डोलावली. पाहुण्यांची झोप, मुलांची भूक, माझी रजा, सगळ्याची सोय त्यात पाहिली होती. समुद्राची सोय मात्र कोणी पाहिली नव्हती.

पाळोळ्याला पोचायला तीन वाजले. वारा चांगलाच उठला होता आणि लाटांची डोकी पांढरी दिसत होती. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या, उलांडीच्या एका होडीपाशी म्हातारेसे गृहस्थ बसले होते. त्यांना विचारले, तर समुद्राकडे बघतच म्हणाले, "आज ना, बाब. वारो आसा. फाल्यां सकाळीं सातांक यो."

खरे सांगायचे तर मला राग आला. पाहुण्यांसमोर आपण गोंयकार म्हणून मिरवायचे आणि आपल्याच माणसाने नाही म्हणायचे! मी पुढे गेलो. दुसरा एकजण लगेच तयार झाला. त्याच्या होडीत आधीच पाच माणसे बसली होती, त्यात आम्ही आठजण. लाइफ जॅकेटे मोजून नऊ निघाली. माझ्या मुलीच्या अंगावर एक चढवले, तर ते गुडघ्यापर्यंत आले. वहिनींनी पट्टा हातात घेतला आणि म्हणाल्या, "भावजी, याला चापच नाही. मुलांना घेऊन मी यात बसणार नाही."

आम्ही बसलो नाही. मुले रडली, दादा गप्प झाले आणि मी येताना वाटभर वहिनींवर मनातून चिडलेला होतो. निघण्यापूर्वी आम्ही चहा घेत असताना ती होडी परत आलेलीही पाहिली होती. सगळे भिजलेले, पण हसत उतरले. 'बघा, काही झाले नाही', असे मी बोलूनही गेलो.

आज मला माझ्या याच वाक्याची लाज वाटते. होडी सुखरूप परत आली म्हणजे ती सोडणे बरोबर होते, असे होत नाही. त्या दिवशी ती आली, एवढेच. पण 'काही होत नाही' हा आपल्याकडे दाखलाच बनतो आणि पुढची होडी त्या दाखल्यावर सुटते. केरळात तानूरला ७ मे २०२३ रोजी अशीच एक पर्यटकांची बोट संध्याकाळ उलटल्यावर, क्षमतेपेक्षा जास्त माणसे घेऊन निघाली. २२ जण गेले, त्यांत बरीच मुले होती. आपल्या कळंगुटला २५ डिसेंबर २०२४ रोजी, ऐन नाताळात, बोट उलटून एकाचा जीव गेला. २० जणांना वाचवण्यात आले. अशा बातम्या आल्या की आपण चार दिवस सरकारला, बोटवाल्याला नावे ठेवतो. घाई करणारे गिऱ्हाईक मात्र त्या हिशेबात धरत नाही. त्या दुपारी ते गिऱ्हाईक मी होतो.

आणखी एक गोष्ट मला जास्त लागली. माझे आजोबा खाजन शेतीच्या मानशीवर राखणीला असत. ओहोटीला दार उघडून शेतातले पाणी बाहेर सोडायचे आणि भरतीला खारे पाणी आत येऊ द्यायचे नाही, हे त्यांचे काम. हातात घड्याळ नव्हते. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा त्यांचा हिशेब. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, आणि मध्ये दुपारी बाराला ओहोटी. रोज वेळ साधारण पाऊण तासाने पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आगेमागे भांग. हा अदमास आहे, नेमकी वेळ हवी तर मुरगाव बंदराची भरतीची कोष्टके आहेत. पण घरात तीन पिढ्या असलेला हिशेब मला बेत आखताना आठवलासुद्धा नाही.

त्या दिवशी दशमी होती. पाणी भांगेचे, म्हणजे भरतीचा जोर कमी. तरी म्हाताऱ्याने नाही म्हटले ते वाऱ्यामुळे. शाळेत आपण सगळेच खारे वारे आणि मतलई वारे घोकतो. रात्री जमीन निवते आणि पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा किनाऱ्याजवळचे पाणी बरेचसे शांत असते. दिवस तापला की वारा समुद्राकडून येतो आणि दुपारी त्याचा जोर होतो. परीक्षेत याला गुण मिळवलेला मी, ऐन मे महिन्यात होडीची वेळ तिसऱ्या प्रहरी ठेवून बसलो होतो.

दुसरा दिवस आम्ही नदीला दिला. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने दिवाडी, तिथून दुसऱ्या फेरीने नार्वे. दिवाडीवरचे सप्तकोटेश्वराचे मूळ स्थान पोर्तुगीज काळात उद्ध्वस्त झाले, देव नदीपलीकडे नार्व्याला आला आणि १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार करवला. ज्या वाटेने देव गेला ती वाट पाण्यातून आहे, हे फेरीत उभे राहिल्यावर मुलांना न सांगता कळले. दादा तर कठड्याला धरून उभे होते ते उतरायचेच विसरले. हा बेत माझ्या कागदावर नव्हता, कारण फेरीबोट आपल्याला रोजची. तिला आपण होडीत धरतच नाही.

तिसऱ्या दिवशी पहाटे निघून सातला पाळोळे गाठले. तेच गृहस्थ होते. काही बोलले नाहीत, प्रत्येकाचे जॅकेट स्वतः ओढून पाहिले. द्वादशी होती, नऊच्या सुमारास भरती. बटरफ्लायला वाळू थोडीच उरेल आणि खडकांत होडी लावणे बरे नव्हे, म्हणून उतरायचे नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. आम्ही लांबूनच पाहिले. मग त्यांनी मशीन बंद केले. पाच मिनिटे कोणी बोलले नाही आणि डावीकडे दोन पाठी वर आल्या. मुलांना तेवढे पुरले.

म्हणून माझे मत असे आहे. होडीचा बेत आखताना पहिली ओळ तिथीची लिहावी, दुसरी वाऱ्याची. समुद्र खवळणार असेल तर हैदराबादची 'इन्कॉइस' संस्था लाटांचा इशारा देते, तो आदल्या रात्री पाहावा. होडीत किती माणसे घ्यायची मुभा आहे ते विचारावे आणि डोकी मोजावीत. जॅकेट अंगात घालून, चाप लावून पाहावे, लहान मुलांचे वेगळे मागावे. आणि शेवटची ओळ 'न जमल्यास काय' याची असावी. दुसरा बेत हाताशी असला, की नाही म्हणणाऱ्या होडीवाल्याचा राग येत नाही.

पाहुणा रुसेल म्हणून आपण हट्ट धरतो. वहिनी इंदूरच्या, समुद्र त्यांनी आयुष्यात दोनदा पाहिलेला. तरी त्या दिवशी आमच्यात गोंयकारासारखे वागल्या त्या त्याच. मी त्यांना हे अजून सांगितलेले नाही. पुढच्या मे महिन्यात त्या आल्या, की तिथी पाहून बेत आखीन आणि तेव्हाच सांगेन.