विकत घेतलेला आवाज साक्ष देत नाही

भिलाईच्या सेक्टर १० मधील एका घरात अलीकडेच घडलेला एक प्रसंग येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. भंडारा जिल्ह्यातून तरुणपणी येथे आलेले, पोलादाच्या कामात उभे आयुष्य वेचलेले आणि निवृत्तीनंतरही युनियनच्या कचेरीत नित्य येणारे आमचे एक वयोवृद्ध सहकारी दीर्घ आजाराने निवर्तले. शोकसभा आटोपून मंडळी पांगल्यावर पुण्याला संगणक कंपनीत काम करणारा त्यांचा मुलगा आईला म्हणाला, "आई, बाबांचे शेकडो व्हॉइस मेसेज माझ्या मोबाइलमध्ये आहेत. त्यांच्याच आवाजात तुझ्याशी बोलेल असं यंत्र करून घेता येतं. घ्यायचं का?" काकू बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी एवढेच विचारले, "ते माझ्याशी भांडतील का रे?"

मुलापाशी उत्तर नव्हते. परंतु या साध्या प्रश्नात आजच्या एका नव्या धंद्याची संपूर्ण चिकित्सा सामावलेली आहे, असे आमचे मत आहे.

हाच प्रश्न ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एका विज्ञानकथेने २०१३ सालीच उपस्थित केला होता. चार्ली ब्रुकर यांच्या 'ब्लॅक मिरर' या मालिकेतील 'बी राइट बॅक' हा भाग त्या वर्षी ११ फेब्रुवारीला चॅनेल फोरवरून प्रसारित झाला. मार्था नावाच्या तरुणीचा जोडीदार अ‍ॅश मोटार अपघातात दगावतो. एक मैत्रीण तिचे नाव एका सेवेत नोंदवते. अ‍ॅशने हयातीत लिहिलेला सारा मजकूर गोळा करून ही सेवा त्याच्या शैलीत लेखी उत्तरे देते. प्रारंभी संतापलेली मार्था, आपण गरोदर आहोत हे कळताच, एकाकीपणामुळे तिच्या आहारी जाते. पुढची पायरी आवाजाची: त्यासाठी ती त्याच्या चित्रफिती कंपनीच्या हवाली करते. त्यानंतर येतो हुबेहूब अ‍ॅशसारखा दिसणारा कृत्रिम देह, अर्थात भारी किमतीला. तो देह सर्व काही ऐकतो. तिने रागावून जा म्हटले की जातो. ती भांडू पाहते, तो भांडत नाही. अखेर ती त्याला कड्याच्या टोकावर नेऊन उडी मारावयास सांगते, तर तो त्यालाही तयार होतो. खरा अ‍ॅश भ्याला असता, रडला असता, हे ती बोलून दाखवते, तेव्हा कोठे तो आज्ञेबरहुकूम रडू लागतो. कथेच्या शेवटी काही वर्षे लोटली आहेत. तो देह माळ्यावर ठेवलेला आहे आणि लहान मुलगी शनिवार-रविवारी त्याला भेटावयास वर जाते.

ही कथा कल्पित म्हणून सोडून देता येत नाही. २०१५ साली मॉस्कोत रोमान माझुरेन्को हा तरुण अपघातात मरण पावला. त्याची मैत्रीण युजिनिया कुइदा हिने त्याच्या संदेशांवरून संगणकीय संवादक तयार केला आणि पुढे 'रेप्लिका' हे व्यापारी उत्पादन बाजारात आणले. २०२० साली दक्षिण कोरियाच्या एमबीसी वाहिनीने एका मातेला तिच्या मृत मुलीची आभासी प्रतिमा दाखवून ती भेट देशभर प्रक्षेपित केली. आज भाषिक प्रारूपे हा मजकूर सहज घडवितात, आणि आवाजाची नक्कल करण्यास थोडेसे ध्वनिमुद्रण पुरते. यंत्र मृताला काय वाटत होते हे जाणत नाही. त्याच्या शब्दांच्या आधारे पुढचा संभाव्य शब्द कोणता, एवढेच ते ठरविते.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. शोकाला हसण्याचा आमचा हेतू नाही. आपल्या चळवळीत एके काळी दुःखाला दुबळेपणा मानून झटकून टाकण्याची वृत्ती होती, आणि तिने अनेक घरांवर अन्याय केला. सेक्टर १० मधील त्या घरी भिंतीवर फोटो आहे, त्याला हार आहे, आणि त्यात गैर काहीही नाही. फोटो, पत्र, ध्वनिफीत ही देखील माणसाने मरणाविरुद्ध उभी केलेली साधनेच होत. परंतु फोटो जे होते तेवढेच दाखवितो. तो नवे वाक्य बोलत नाही, आणि महिन्याअखेर बिल पाठवीत नाही.

भांडवल हे मृत श्रम असून जिवंत श्रम शोषून ते जगते, असे मार्क्सने दाखवून दिले. आता मृताचे बोलणेही कच्चा माल झाले आहे. ज्या माणसाने आयुष्यभर आपली श्रमशक्ती विकली, त्याने बायकोशी, मुलांशी, सोबत्यांशी केलेले संभाषण तरी बाजाराबाहेर होते. तेवढाच त्याचा स्वतःचा मुलूख होता. तोही आता घेतला जात आहे. शिवाय या व्यापारात ग्राहकाचे दुःख ओसरणे हा विक्रेत्याचा तोटा ठरतो. जखम भरली तर वर्गणी बंद होते. म्हणून आवाज नेहमी गोड असला पाहिजे, हजर असला पाहिजे, आणि त्याने कधीही भांडता कामा नये. काकूंनी नेमके यावरच बोट ठेवले.

मृताचा खरा आवाज काय करू शकतो, याचे उदाहरण शोधण्यास भिलाईकरांना दूर जावे लागत नाही. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे याच शहरात शंकर गुहा नियोगी यांचा झोपेत गोळी घालून खून झाला. त्यांच्या मृत्यूनंतर एक ध्वनिफीत सापडली. आपल्या जिवाला धोका कोणाकडून आहे हे त्यांनी तीत सांगितले होते. हे जग आपल्याला प्रिय आहे, पण कर्तव्य त्याहून मोठे आहे, आणि आपल्याला मारल्याने आंदोलन संपणार नाही, असेही त्यांनी म्हटले होते. दुर्गच्या न्यायालयाने १९९७ मध्ये उद्योगपतींसह आरोपींना दोषी ठरविले. पुढच्याच वर्षी उच्च न्यायालयाने सर्वांना मुक्त केले. आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ गोळी झाडणाऱ्याला जन्मठेप दिली. न्यायालयाच्या कसोट्या काहीही असोत, तो आवाज कोणाला खूष करण्यासाठी बोललेला नव्हता.

तो आवाज आम्हालाही खूष करणारा नाही, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. १९७७ साली दल्ली-राजहराच्या खाणींतील कंत्राटी कामगार प्रस्थापित युनियनांच्या बोनस कराराने दुखावून नियोगींकडे गेले, आणि त्या युनियनांत आमची आयटकही होती. नियोगींच्या मार्गाशी आमचे मतभेद राहिले. तरीही त्यांची ध्वनिफीत आठवली की आम्हाला स्वतःला प्रश्न विचारावे लागतात. मृताशी खरे नाते असते ते हे: तो आपल्याला जाब विचारतो.

आता याच गावातील दुसरे मृत्यू आठवावेत. १२ जून २०१४ रोजी भिलाई पोलाद कारखान्यात पंपगृहातील बिघाडाने पाण्याचा दाब घटला, झोतभट्टीचा वायू उलट शिरला आणि कार्बन मोनॉक्साइडने सहा जणांचा बळी घेतला. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापकही होते. त्या विषारी वायूला रंग नसतो, वास नसतो. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हन विभागाच्या वायुवाहिनीवर देखभालीचे काम चालू असताना स्फोट झाला आणि दहाहून अधिक कामगार गेले; मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पदावरून दूर करण्यात आले. या मृत्यूंना कारणे होती: पंप, वाहिन्या, देखभाल, आणि निर्णय घेणारी माणसे. त्या कामगारांच्या संदेशांवरून कोणी यंत्र बनविले, तर ते घरच्यांना "जेवलात का?" असे नक्की विचारील. त्या दिवशी पाण्याचा दाब का घटला, हे मात्र ते सांगणार नाही. मार्थाच्या कथेतही अपघाताची चौकशी कोठे दिसत नाही. मरण म्हणजे फक्त घरातले रिकामेपण. हीच त्या कथेची मर्यादा, आणि हाच या धंद्याचा पाया.

मृताला आज्ञाधारक करण्याचा मोह केवळ कंपन्यांनाच होतो असे नाही. जानेवारी २०२४ मध्ये, २०१८ साली दिवंगत झालेले एम. करुणानिधी कृत्रिम प्रतिमेच्या रूपाने एका समारंभात बोलले आणि त्यांनी आपल्या पुत्राच्या कारभाराची वाखाणणी केली. द्रमुक हा २०२४ च्या निवडणुकीत आमचा मित्रपक्ष होता; म्हणूनच हे आम्ही अधिक स्पष्टपणे म्हणतो की, हयात नेतृत्वाची स्तुती करावयास दिवंगत नेत्याला कामाला लावणे लोकशाहीला शोभणारे नाही. उद्या कोणी कॉम्रेड डांग्यांच्या आवाजात आजचा ठराव वाचून दाखविला, तर आमचाही विरोधच राहील.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने मृत्यूनंतर आपले हक्क बजावण्यासाठी वारस नेमण्याची सोय केली आहे. मृताला बोलते करण्याच्या व्यवसायाबद्दल मात्र त्यात स्पष्ट तरतूद नाही. मृताने हयातीत लेखी संमती दिल्याखेरीज त्याच्या आवाजाची नक्कल विकता येऊ नये, ही मागणी कामगार संघटनांनी आताच पुढे केली पाहिजे. नोकरीच्या करारात कामगाराच्या आवाजावर आणि चेहऱ्यावर मालकाचा हक्क शिरणार नाही, याकडेही डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल.

परंतु कायद्याने एकाकीपण संपत नाही. ज्या विधवेच्या दारी शोकसभेनंतर कोणी फिरकत नाही, तिला यंत्राचा आधार घेऊ नको असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. १ जुलै १९९२ रोजी भिलाईत रेल्वेमार्गावर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्या हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी दरवर्षी त्या दिवशी कामगार एकत्र येतात. ज्यांचे मरण वर्तमानपत्रात आले नाही, त्यांच्या घरी जाणे हेही त्याच परंपरेतले काम आहे.

सेक्टर १० मधील काकूंनी ते यंत्र घेतले नाही. मुलाने मूळ संदेश मात्र जपून ठेवले आहेत. त्यांतील एकात दिवंगत सहकारी युनियनच्या वर्गणीचा हिशेब वेळेवर दिला नाही म्हणून आम्हालाच खडसावीत आहेत. काकूंनी तो आम्हाला ऐकविला. हिशेब अजून द्यायचा आहे.