टेबल सोडताना

मार्चअखेरीची धावपळ संपली की बँकांमधून आणि कचेऱ्यांमधून कामवाटपाचा कागद फिरतो. कोण कॅशला, कोण कर्ज विभागात, कोण आवक-जावकला, ते त्यात लिहिलेलं असतं. आपलं नाव नव्या कामासमोर दिसलं की पहिला प्रश्न ठरलेला: "माझंच टेबल का बदललं? माझं काय चुकलं?"

हा प्रश्न मीही विचारला आहे. एका सहकारी बँकेत नऊ वर्षं मी कर्ज विभागात होतो. गहाणखतं, जामीनदार, थकबाकीच्या नोटिसा, सगळं तोंडपाठ. लोक मला नावानं शोधत यायचे. एका सोमवारी आदेश आला: उद्यापासून कॅश काउंटर. मला तो अपमान वाटला. घरी दोन दिवस कुणाशी धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कॅश जुळवताना पाचशे रुपये कमी भरले. कमी आले तर कॅशियरनं भरायचे, हा आमच्याकडचा नियम. खिशातून भरले.

शेजारच्या काउंटरवर बारा वर्षं कॅश सांभाळलेल्या एक ताई होत्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी मला जवळ बसवून घेतलं. "आधी नोटा मोजा, मग स्लिपवरच्या तपशिलाशी ताडून बघा. आणि माणूस खिडकीसमोर उभा आहे तोवर त्याच्या नोटा आपल्या गड्डीत मिसळू नका." एवढंच सांगितलं. त्यानंतर माझी कॅश क्वचितच चुकली.

त्या काउंटरनं मला आणखी एक गोष्ट शिकवली. कर्ज विभागात ज्यांना मी फायलीवरून 'थकबाकीदार' म्हणून ओळखत होतो, ती माणसं आता समोर उभी राहू लागली. एक भाजीवाल्या मावशी बाजारच्या दुसऱ्या दिवशी दहा-वीसच्या चुरगळलेल्या नोटा सरळ करत हप्ता भरायच्या. त्यांच्या हप्त्याची तारीख आम्ही महिन्याची पहिली ठेवली होती, आणि त्यांच्या हातात पैसा यायचा आठवडी बाजारानंतर. पुढं कर्ज विभागात परतलो तेव्हा अशा खातेदारांच्या तारखा मी बाजाराचा वार विचारून ठरवल्या. नऊ वर्षं त्याच खुर्चीत बसून हे मला सुचलं नव्हतं.

टेबलं बदलण्यामागं दुसरंही कारण आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला हजारो कोटींचा घोटाळा २०१८ च्या सुरुवातीला उघड झाला. बँकेच्या तक्रारीनुसार, ज्या अधिकाऱ्यावर आरोप झाले तो २०१० पासून परकीय चलनाच्या कामावरच होता आणि २०१७ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर त्याच्याकडून मिळायची तशीच बँकेची हमीपत्रं मागायला घोटाळ्यातल्या कंपन्यांची माणसं आली, तेव्हा नव्या माणसानं नियमाप्रमाणं रोख तारण मागितलं. "आजवर कधी लागलं नाही," असं उत्तर आलं. मग नोंदी शोधल्या, तर त्या सापडल्याच नाहीत. खुर्चीत नवा माणूस बसला आणि त्यानं एक साधा प्रश्न विचारला, तिथून सगळं बाहेर आलं. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग किमान १० कामाचे दिवस, आगाऊ न कळवता, रजेवर पाठवावं असं रिझर्व्ह बँकेनं २०२१ मध्ये बँकांना सांगितलं, त्यामागचा विचारही हाच आहे.

"म्हणजे आमच्यावर संशय?" असं कुणी विचारेल. मी उलट म्हणेन. ज्या टेबलाचं काम तुमच्याखेरीज कुणालाच कळत नाही, तिथं उद्या काही बिनसलं तर बोट एकट्या तुमच्याकडंच वळेल. तेच काम चार जणांच्या हातून गेलेलं असेल, तर प्रामाणिक माणसाच्या बाजूनं बोलायला तीन साक्षीदार असतात.

तरीही कर्मचाऱ्यांच्या सगळ्याच तक्रारी खोट्या नाहीत. हेड कॅशियरचा विशेष भत्ता बुडाला तर घरखर्चाला खरंच फटका बसतो. काहीही न शिकवता माणसाला नव्या खिडकीवर बसवणं हा त्याच्यावर आणि ग्राहकावरही अन्याय आहे. आणि तोंडावर बोलणाऱ्याला धडा शिकवायचा म्हणून टेबल बदललं, तर पुढं प्रत्येक बदल लोकांना शिक्षाच वाटतो. साहेबांनी एवढं करावं: कोण कुठं किती दिवस बसणार याचं वेळापत्रक वर्षाच्या सुरुवातीला भिंतीवर लावावं, आणि ते सगळ्यांना सारखं लागू असावं. राज्य शासनाच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी ३ वर्षं ठरवून दिला. मुदत आधीच माहीत असली की मनातली शंका निम्मी होते. जुना आणि नवा माणूस निदान आठवडाभर शेजारी बसावेत. भत्ता जाणार असेल तर तेही आधी सांगावं. घरी लहान मूल किंवा आजारी माणूस असेल, तर उशिरापर्यंत थांबावं लागणारं काम देण्याआधी दोन शब्द विचारावेत.

आणि आपण, टेबलावर बसणाऱ्यांनी, एक काम आजच सुरू करावं. एक साधी वही घ्या. रोज कोणतं काम कधी करायचं, कोणता कागद कुणाकडून येतो, महिन्याच्या कोणत्या तारखेला काय पाठवायचं, कुठं चूक होते आणि ती कशी सापडते, हे आपल्या शब्दांत लिहून ठेवा. चार्ज देताना किल्ल्यांबरोबर ती वही द्या. पुष्कळ जण हातचं राखून ठेवतात, कारण 'माझ्यावाचून अडलं पाहिजे' असं त्यांना वाटतं. पण ज्याच्यावाचून अडतं, त्याला हक्काची रजाही सुखानं मिळत नाही.

नव्या टेबलावर पहिले पंधरा दिवस जड जातात. चुका होतील, रांगेतला माणूस कुरकुरेल, धाकट्या सहकाऱ्याला विचारायची वेळ येईल. तेव्हा विचारा, लाज बाळगू नका. आणि तुमच्या जुन्या खुर्चीत बसलेला कुणी तुमच्याकडं विचारायला आला, तर हातातलं काम बाजूला ठेवून त्याच्याजवळ जाऊन बसा.