कुलाब्याच्या वह्या आणि प्रयोगशाळेतले भोवरे

२ सप्टेंबर १८५९. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतले टांगलेले चुंबक एकाएकी बेभान झाले. आदल्या दिवशी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन यांनी सूर्यावर लख्ख उफाळा पाहिला होता, पण कुलाब्याच्या निरीक्षकांना त्याची खबर कुठून असणार? एरवी तासातासाने वाचन घ्यायचे आणि चुंबक डळमळू लागले की त्याहून कमी अंतराने, हा तिथला शिरस्ता. तो त्यांनी पाळला. म्हणूनच क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी कोसळल्याची नोंद कागदावर राहिली. २००३ साली ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह गुरबक्ष लखीना आणि शोभना अॅलेक्स या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या संशोधकांनी त्याच वह्यांवरून त्या वादळाचा जोर नव्याने ताडला.

या वेधशाळेशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. अलिबागजवळच्या नागावचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी ऐन तरुणपणी इथेच प्रा. ऑर्लिबार यांच्या हाताखाली काम केले. पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले. मग चुंबक सूर्यामुळे हलला की ट्रामच्या विजेमुळे, हे कळेनासे झाले असते. म्हणून तेव्हाचे संचालक नानाभॉय मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या आणि मगच कुलाब्याचे चुंबकमापन थांबवले. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा त्यांनी असा पक्का बसवला. माझ्या मते शहराच्या प्रगतीपुढे विज्ञानाने हार न मानता वाट काढल्याचा आपल्याकडचा हा सर्वांत चांगला दाखला आहे.

सूर्य इतक्या दुरून चुंबक हलवतो तो सौरवाऱ्यामुळे. सौरवारा म्हणजे सूर्यापासून निघणारा विद्युतभारित कणांचा, प्लाझ्माचा, सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर वेगाचा प्रवाह. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्याच्या वाटेत आडवे येते. पावसाळ्यात पांढुर्ण्याच्या जाम नदीच्या पुलाखाली खांबाला वळसा घालताना पाण्यात भोवरे उठतात, तसे या अडथळ्याच्या कडेलाही उठतात. वेगवेगळ्या गतीचे दोन थर एकमेकांना घासून गेले की सीमा डगमगते आणि गुंडाळत जाते. हीच केल्विन-हेल्महोल्ट्झ अस्थिरता. चुंबकीय बलरेषा ताणल्या गेल्या, तर त्या तिला आवरूनही धरतात.

आकाशात हे पाहायला जाणे शक्य नव्हते, तेव्हा माणसाने आकाशच काचेच्या पेटीत आणले. नॉर्वेच्या क्रिस्टियान बर्कलंड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून त्यावर विद्युतकणांचा मारा केला. १९६५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डँजेलो यांनी चुंबकक्षेत्रातल्या प्लाझ्मात ती अस्थिरता प्रयोगाने दाखवली. अंतराळातले गुंडाळलेले भोवरे ‘क्लस्टर’ या अवकाशयानांच्या नोंदींतून २००४ साली जगापुढे आले. म्हणजे प्रयोगशाळा आकाशाच्या जवळपास चाळीस वर्षे पुढे होती. गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही २०१६ साली धूलियुक्त प्लाझ्मा एका विद्युतभारित अडथळ्यावरून वाहवला गेला. प्रवाहाचा वेग त्या माध्यमातल्या ध्वनिवेगाहून वाढला, तेव्हा अडथळ्याच्या पुढे एकाकी लाटा निघाल्या. तिथे चुंबकक्षेत्राचा खेळ नव्हता, पण प्रश्न त्याच कुळातला होता.

हे सारे कोणाच्या उपयोगाचे, असे विचारणाऱ्यांनी १३ मार्च १९८९ आठवावा. त्या दिवशी चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज घालवली आणि साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. आपण विषुववृत्ताजवळ असल्याने धोका कमी आहे. पण १८५९ चे वादळ मुंबईतही मोजले गेले, हे विसरून चालणार नाही.

अशा कामाला दशकानुदशके पैसा आणि माणसे लागतात. आपल्याकडे मात्र महाविद्यालयांतल्या प्रयोगशाळाच आधी ओस पडतात आणि प्रात्यक्षिके वहीत उतरवून घेतली जातात. हे थांबले पाहिजे. मध्य प्रदेशातल्या बोरगाव, सौंसर, पांढुर्ण्याहून नागपूर दूर नाही आणि तिथे भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा आहे. नव्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या विज्ञान शिक्षकांनी आपली मुले एकदा तिथे न्यावीत आणि परतल्यावर शाळेच्या प्रयोगशाळेचे कुलूप काढावे.